मानवी डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यात अल्फा-बी क्रिस्टॅलिनचा बँड दिसत नाही. दोष नमुन्याचा की अँटीबॉडीचा?

भिंगार्थी :
नमस्कार. मी मुंबईत जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करते आणि मोतीबिंदूत अल्फा-बी क्रिस्टॅलिन या प्रथिनाचे प्रमाण कसे बदलते, हे वेस्टर्न ब्लॉटने (जेलवर आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, उतरवून अँटीबॉडीने ओळखण्याची पद्धत; ओळखलेले प्रथिन पट्ट्यासारखे, बँड म्हणून, दिसते) पाहण्याचा प्रयत्न करीत आहे. तुलनेसाठी देवनारच्या कत्तलखान्यातून परवानगीने आणलेले बोकडांचे डोळे वापरते. मानवी नमुने एका रुग्णालयाच्या नेत्रविभागाकडून, रुग्णांच्या लेखी संमतीने मिळतात. फेको शस्त्रक्रियेत भिंगाचा चुरा होऊन तो शोषला जातो. त्यामुळे लहान छेदातून हाताने केलेल्या शस्त्रक्रियेत अखंड निघालेले गाभेच आम्ही घेतो. सर्व रुग्ण साठीच्या पुढचे आहेत.

नमुना फॉस्फेट बफरमध्ये घोटून सेंट्रिफ्यूज करते, वरचे द्रावण घेते आणि 15 टक्क्यांच्या जेलवर प्रत्येक लेनमध्ये 25 मायक्रोग्रॅम प्रथिन भरते. अँटीबॉडी सशात तयार केलेली पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचे मिश्रण) असून ती या प्रथिनाच्या शेवटच्या टोकाकडील पेप्टाइडविरुद्ध आहे. बोकडाच्या लेनमध्ये 20 किलोडाल्टनला (रेणूच्या वजनाचे एकक) काळाकुट्ट बँड येतो, मानवी लेनमध्ये मात्र पुसटशी रेघ. बँड योग्य जागी आला आहे, तेव्हा अँटीबॉडीविषयी शंका नको, मोतीबिंदूत हे प्रथिन घटते असे सिनॉप्सिसमध्ये लिहावे, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. माझे मन मात्र धजत नाही. महागडी मोनोक्लोनल (एकाच प्रकारची, एकच जागा धरणारी अँटीबॉडी) मागवावी का? अनुदानात एकाच कुपीपुरते पैसे उरले आहेत.

जुनाजेल :
कुपी मागवण्याआधी एक सांगा : सेंट्रिफ्यूजनंतर नळीच्या तळाशी बसलेल्या साक्याचे आपण काय करता?

भिंगार्थी :
साका टाकून देते. प्रोटोकॉलमध्ये तसेच लिहिले आहे.

जुनाजेल :
मग आपले प्रथिन बहुधा त्या साक्याबरोबर बेसिनमध्ये गेले आहे.

भिंगाच्या तंतुपेशी पक्व होताना आपले केंद्रक आणि इतर अंगके गमावतात. त्यामुळे गाभ्यात नवे प्रथिन तयार होत नाही आणि जुने बदलले जात नाही. साठ वर्षांच्या माणसाच्या गाभ्यातील क्रिस्टॅलिन जवळजवळ त्याच्याच वयाचे असते. अल्फा-ए आणि अल्फा-बी मिळून होणाऱ्या अल्फा क्रिस्टॅलिनचे काम इतर प्रथिनांना गोळा होण्यापासून वाचवण्याचे आहे. त्याचा हा गुण 1992 साली जोसेफ हॉरविट्झ यांनी दाखवून दिला. बिघडलेल्या सोबत्यांना धरून ठेवता ठेवता ते स्वतःही त्यांच्याबरोबर मोठ्या गुठळ्यांत अडकते, आणि चाळिशी ओलांडलेल्या मानवी गाभ्याच्या विद्राव्य भागात अल्फा क्रिस्टॅलिन जवळपास उरतच नाही. हे मोतीबिंदू नसलेल्या, स्वच्छ भिंगातही घडते. देवनारला येणारे बोकड बहुतेक कोवळ्या वयाचे. त्यांच्या भिंगावर ही वेळ आलेली नसते. म्हणजे आपण रोगी आणि निरोगी यांची तुलना करीत नसून म्हातारे आणि तरुण, शिवाय माणूस आणि बोकड, अशी दुहेरी तुलना करीत आहात.

साका दोनदा बफरने धुऊन 6 ते 8 मोलर युरियात विरघळवा आणि दोन्ही भाग शेजारी शेजारी चालवा. युरिया त्याच दिवशी बनवा आणि 37 अंशांच्या वर तापवू नका. तापलेल्या किंवा शिळ्या युरियात सायनेट तयार होते आणि ते लायसिनला चिकटते. अल्फा-बीचे शेवटचे दोन्ही अवशेष लायसिनच आहेत. आपली अँटीबॉडी त्याच टोकाला धरत असेल, तर सवयीने 95 अंशांवर उकळलेला नमुना आपणच आपल्या हाताने बिघडवाल.

तपकिरी झालेल्या कडक गाभ्यातील काही प्रथिन युरियालाही दाद देत नाही, कारण त्याचे रेणू एकमेकांना कायमचे जोडले गेलेले असतात. तेव्हा ब्लॉट कापताना जेलचा वरचा भाग टाकू नका. तेथे धुरासारखा पसारा दिसला, तर तोही आपला निष्कर्षच आहे.

परळनेत्र :
वरील उत्तराशी सहमत आहे; पण अँटीबॉडीचा मुद्दा त्याने सुटत नाही, आणि मूळ प्रश्न तोच होता.

20 किलोडाल्टनला बँड येणे हा भिंगाच्या बाबतीत फारच दुबळा पुरावा आहे. अल्फा-ए 173 अमिनो आम्लांचे, अल्फा-बी 175 अमिनो आम्लांचे, गॅमा क्रिस्टॅलिन 21 किलोडाल्टनच्या आसपास; ही सारी मंडळी जेलवर एकमेकांना खेटून धावतात. यकृताच्या नमुन्यात जो बँड ओळखपत्र ठरला असता, तो येथे विरारच्या गाडीतल्या गर्दीतला एक चेहरा ठरतो. शिवाय अल्फा-ए आणि अल्फा-बी यांच्या क्रमात निम्म्याहून अधिक साम्य आहे, आणि ते मुख्यतः मधल्या भागात आहे. त्यामुळे संपूर्ण प्रथिन टोचून बनवलेली पॉलिक्लोनल दोघांनाही धरण्याचा धोका असतो. टोकाच्या पेप्टाइडविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी या दोघांत नेमका फरक करते, पण वयाबरोबर झिजतात आणि तुटतात ती नेमकी टोकेच. तुटलेल्या रेणूंना ती पाहूच शकत नाही. मोनोक्लोनल घेतल्याने ही अडचण आपोआप दूर होत नाही, कारण तिची पकड तर एकाच जागेवर असते. ती जागा टोकाला असेल, तर पैसे खर्चून आपण होतो तिथेच.

म्हणून मी दोन गोष्टी सुचवेन. पहिली, शुद्ध रिकॉम्बिनंट अल्फा-ए आणि अल्फा-बी शेजारच्या लेनमध्ये प्रत्येकी 10 नॅनोग्रॅम भरा; अँटीबॉडी अल्फा-एला स्पर्श करते की नाही, ते एका दुपारी कळेल. ज्या प्रयोगशाळा ही प्रथिने जिवाणूंत बनवतात त्या थोडा अंश सहसा देतात; विनंतीचा ईमेल मात्र मार्गदर्शकांच्या नावाने जाऊ द्या. दुसरी, नवी कुपी घ्यायचीच असेल तर मधल्या भागातील अशी जागा धरणारी घ्या जी अल्फा-एशी जुळत नाही, आणि दोन्ही अँटीबॉडी एकाच नमुन्यावर लावा. एक बोलते आणि दुसरी गप्प राहते, तेव्हा तुटलेल्या टोकाचा संशय बळकट होतो. फॉस्फोरिलेशन (प्रथिनाला फॉस्फेट गट जोडला जाणे) ओळखणाऱ्या अँटीबॉडी वेगळ्या मिळतात, सेरीन 19, 45 आणि 59 या जागांच्या. त्यांच्या वाटेला तूर्त जाऊ नका.

कॅटलॉगमधील चित्रावर विसंबू नका. अल्फा-बी हृदयात, स्नायूंत आणि मेंदूतही असते. अलेक्झांडर रोग या मेंदूच्या आजारात पेशींत दिसणाऱ्या रोझेन्थाल तंतूंमध्ये ते साठते, म्हणून मेंदूविकृतीचे अभ्यासकही याच अँटीबॉडी वापरतात. हृदयाच्या नमुन्यात अल्फा-ए जवळपास नसतेच. तिथे एकच सुबक बँड दिला म्हणून ती अँटीबॉडी भिंगात विश्वासू राहील, असे मानण्याला आधार नाही.

जाता जाता : नेत्रविभागातील एखाद्या उत्साही सहकाऱ्याने रुग्णाच्या निदानासाठी ही चाचणी वापरू या म्हटले, तर कुपीवरील ‘केवळ संशोधनासाठी’ हे शब्द दाखवा. मोतीबिंदूचे निदान स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, होते.

जुनाजेल :
एक राहून गेले. 25 मायक्रोग्रॅम हा भिंगासाठी अतिरेक आहे. भिंगाच्या प्रथिनांपैकी एक तृतीयांशाहून अधिक अल्फा क्रिस्टॅलिन, आणि त्यात अल्फा-ए तीन भाग तर अल्फा-बी एक भाग, असा ढोबळ हिशेब धरला तर आपल्या बोकडाच्या लेनमध्ये सुमारे दोन मायक्रोग्रॅम अल्फा-बी आहे. ब्लॉटला काही नॅनोग्रॅम पुरतात. तो काळाकुट्ट बँड केव्हाच संपृक्त झालेला आहे, त्यावरून कसलेही गुणोत्तर काढता येणार नाही. अर्ध्या मायक्रोग्रॅमपासून चढत्या मात्रेची मालिका लावा, मेम्ब्रेन 0.2 मायक्रॉन छिद्रांचा घ्या, आणि तुलनेसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या अॅक्टिन प्रथिनाऐवजी पॉन्सो रंगाने एकूण प्रथिन मोजा. सगळे बदल एकाच ब्लॉटवर करण्याची घाई मात्र नको, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही.

भिंगार्थी :
तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. अर्ध्या मायक्रोग्रॅमवर बोकडाचा बँड बारीक आणि स्वच्छ आला. मानवी साक्याच्या युरियातील अंशात 20 किलोडाल्टनला स्पष्ट बँड आहे, त्याखाली एक फिका बँड आणि जेलच्या माथ्याला पसारा. विद्राव्य भागात पूर्वीसारखेच जवळपास काही नाही. रिकॉम्बिनंट अल्फा-ए अद्याप मिळालेले नाही, त्यामुळे खालचा फिका बँड कोणाचा हे मी सांगू शकत नाही.

परळनेत्र :
तो टोक तुटलेल्या अल्फा-बीचा असण्याची शक्यता कमी वाटते, कारण तुटलेले टोक आपल्या अँटीबॉडीला दिसायलाच नको. मात्र सुरुवातीच्या टोकाकडून तुटलेला तुकडा तिला दिसेल. अल्फा-ए हाती येईपर्यंत त्याला ‘अनोळखी’ असेच नाव द्या, आणि कुपीचा लॉट क्रमांक वहीत उतरवून ठेवा. पॉलिक्लोनलचा पुढचा लॉट दुसऱ्या सशाचा असू शकतो.

भिंगार्थी :
लॉट क्रमांक नोंदवला आहे. मार्गदर्शकांना दोन्ही ब्लॉट शेजारी ठेवून दाखवले. प्रथिन घटते हे वाक्य सिनॉप्सिसमधून काढून तेथे ‘विद्राव्य अंशातून अविद्राव्य अंशात जाते’ असे लिहायला त्यांनी संमती दिली, फक्त समवयस्क स्वच्छ भिंगांचे नमुने मिळवा अशी अट घातली. त्यासाठी आता नेत्रपेढ्यांना पत्रे लिहिते आहे.