हद्दीचं कारण सांगून एफआयआर घेत नाहीत, काय करू?

रावेरचा शेतकरी: भो, केळीच्या मळ्यातून मोटर आन् केबल चोरीला गेली. ठाण्यात गेलो तर म्हणे आमची हद्द नाही, दुसरीकडे गेलो तर म्हणे साधा अर्ज देऊन जा. यांच्यावर कायद्याचं बंधन आहे का नाही?

तापीकाठ: आहेच ना दादा! माल 5,000 च्या वरचा असेल तर चोरी दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा गुन्हा, आणि दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर घ्यावीच लागते, 2013 ला सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी केसमध्ये सांगितलंय. हद्दीचं कारण तर चालतच नाही, 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 आहे, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होते, म्हणजे हद्द नसली तरी तक्रार नोंदवून घेतात.

यावलकर: ठाण्यात ऐकलंच नाही तर जळगावला एसपींना (जिल्हा पोलीस अधीक्षकांना) लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवा, तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. माणूस आधीच लुटलेला असतो, त्याला असं फिरवणं फार चुकीचं आहे.

रावेरचा शेतकरी: मोटरचं बिल आहे, उद्याच जातो.

तापीकाठ: बिल न्याच, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या.