जुन्या घराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक: त्यासाठी ठेकेदाराला पैसे द्यावेत का?

प्रश्न (उत्तर कसबा, सोलापूर)

सर्वांना नमस्कार. उत्तर कसब्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. मागच्या दोन खोल्या माळवदाच्या (लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत) आहेत; पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांवर वडिलांनी १९८७ साली स्लॅब घातला. गेल्या दोन पावसाळ्यांत स्लॅबचा खालचा गिलावा सुटून पडू लागला असून स्वयंपाकघरात एके ठिकाणी गंजलेल्या सळया उघड्या दिसतात. माळवदाच्या खोलीत आई झोपते आणि तिच्या अंथरुणावर रात्री माती झडते. तिचे वय ७८ आहे, त्यामुळे हे काम आता पुढे ढकलता येणार नाही. स्लॅबची दुरुस्ती, माळवद उतरवून त्यावर नवे छत, पाच बाय सात फुटांची मोरी नव्याने बांधणे आणि शहाबादी फरशी काढून टाइल्स बसवणे, एवढे काम मनात आहे.

तीन गुत्तेदारांना (ठेकेदारांना) बोलावले होते. पहिल्यांनी दहा मिनिटे घर पाहून सहा लाखांत सगळे करून देतो असे सांगितले. दुसऱ्यांनी तेवढ्याच वेळात सव्वाचार लाख सांगितले. दोघांनीही टेप बाहेर काढली नाही. तिसरे गृहस्थ म्हणाले की, तोंडी आकडा मी देत नाही. मोजमाप करून लेखी अंदाजपत्रक देईन, त्यासाठी पूर्ण दिवस लागेल, दोन-तीन ठिकाणी गिलावा फोडून पाहावा लागेल आणि त्याचे ५,००० रुपये आधी द्यावे लागतील. काम त्यांनाच दिले, तर ही रक्कम पहिल्या बिलातून वजा होईल.

थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, भाव विचारण्याचे पैसे आपल्याकडे कधी कोणी घेतले नाहीत आणि जो आधीच पैसे मागतो त्याच्या हाती घर देऊ नये. मला मात्र तिसऱ्या गृहस्थांचे बोलणे मनापासून पटले, पण त्यामागचा हिशेब नीट कळत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त शाखा अभियंता, जुळे सोलापूर)

आपल्या बंधूंची शंका रास्त आहे, कारण भाव सांगण्याचे पैसे खरोखरच कोणी घेत नाही आणि घेऊही नयेत. परंतु भाव आणि अंदाजपत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोघांनी आपल्याला भाव सांगितला. अंदाजपत्रकात प्रत्येक कामाचे वर्णन, लांबी-रुंदी-उंचीसह परिमाण, दर आणि रक्कम असे चार रकाने असतात, आणि ते वाचून तिऱ्हाईत माणसालाही कोणते काम किती होणार आहे हे कळले पाहिजे. सरकारी कामांत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून आम्ही हेच करीत असू.

मोरीचेच उदाहरण घ्या. पाच बाय सातच्या मोरीचा घेर २४ फूट होतो. भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल्स लावल्या, तर १६८ चौरस फूट होतात आणि अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा जाऊन १५०.५ उरतात. तीच टाइल चार फुटांपर्यंत लावली, तर ९६ मधून दाराचे १० जाऊन ८६ चौरस फूट उरतात. दोघेही गुत्तेदार ‘मोरीला टाइल्स’ एवढेच बोलतात, आणि एकाच्या मनात ८६ असतात तर दुसऱ्याच्या मनात १५०. काम निम्म्यावर आल्यावर जो ‘जादा काम’ म्हणून वाद उभा राहतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

स्लॅबची गोष्ट याहून गंभीर आहे. गंज चढलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते, म्हणून जो भाग पडला आहे तो रोगाचा फक्त दिसणारा भाग समजावा. सगळ्या स्लॅबवर हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने आखावे लागते आणि तिथे फोडून सळईची जाडी मोजावी लागते. ८ मिलिमीटरची सळई गंजून ७ मिलिमीटर उरली, तर वरवर फरक थोडा वाटतो; पण छेदाचे क्षेत्रफळ जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटलेले असते, आणि अशा ठिकाणी नुसता गिलावा चोपडून चालत नाही, जोडसळई द्यावी लागते. ही तपासणी न करता स्लॅब-दुरुस्तीचा आकडा सांगता येत नाही, मग सांगणारा कितीही अनुभवी असो.

माळवदाचेही तसेच आहे. बारा बाय पंधराच्या खोलीवर फूटभर माती असेल, तर १८० घनफूट म्हणजे १.८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती उतरवावी लागते, आणि उकरलेली माती फुगत असल्यामुळे वाहतुकीला ती त्याहून जास्त भरते. आपल्या बोळात ट्रॅक्टर शिरत नसेल, तर ती घमेल्यांनी बाहेर काढण्याची मजुरी वेगळी धरावी लागेल. तुळयांची भिंतीत गेलेली टोके वाळवीने खाल्ली आहेत का, हेही तिथला गिलावा काढल्याशिवाय दिसणार नाही.

एवढ्या कामाचे ५,००० रुपये मला अवाजवी वाटत नाहीत. तरीही माझा सल्ला थोडा वेगळा आहे. ही रक्कम काम घेऊ इच्छिणाऱ्या गुत्तेदाराला देण्याऐवजी, ज्याला ते काम करायचेच नाही अशा स्थापत्य अभियंत्याला द्यावी. तो जी परिमाणे लिहील, ती वाढवण्यात किंवा कमी दाखवण्यात त्याचा स्वार्थ नसतो, आणि दरांचा रकाना कोरा ठेवून तीच यादी तिन्ही गुत्तेदारांना देता येते.

उत्तर २ (बांधकाम व्यावसायिक, होटगी रोड)

साहेबांनी लिहिले ते बहुतेक मान्य आहे, परंतु आमची बाजूही मांडतो. घर पाहायला मी पैसे घेत नाही, आणि ढोबळ आकडाही कमीत कमी व जास्तीत जास्त अशा दोन टोकांत सांगतो. मात्र लेखी अंदाजपत्रकासाठी माझा अर्धा दिवस मोजमापात जातो, प्लंबर आणि वायरमन यांना एकदा घर दाखवावे लागते, दुकानातून मालाचे चालू दर घ्यावे लागतात आणि रात्री बसून हिशेब मांडावा लागतो. असे कागद पूर्वी मी फुकट देत होतो. पुष्कळ जण तोच कागद दुसऱ्याला दाखवून ‘याच्यापेक्षा कमी सांगा’ म्हणत. ज्यांनी काम दिले नाही त्यांच्यासाठी घातलेला वेळ, ज्यांनी दिले त्यांच्या दरांत मिसळत होता. हे मला योग्य वाटेना, म्हणून मी पैसे घेऊ लागलो आणि तेव्हापासून पैसे देणाऱ्याला कागदावर पूर्ण हक्कही देतो: त्याने तो हवा त्याला दाखवावा.

प्रश्नकर्त्यांनी तिसऱ्या गृहस्थांना हीच गोष्ट आधी विचारावी. पैसे घेऊन कागद दाखवू नका असे कोणी म्हणत असेल, तर ते बरोबर नाही. फोडलेला गिलावा पुन्हा भरून देणार का, हेही विचारावे.

उत्तर ३ (गृहिणी, विजापूर रोड)

मी पैसे देऊन फसले आहे, म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी आमच्या फ्लॅटच्या दुरुस्तीसाठी एका ठेकेदारांनी अंदाजपत्रकाचे ३,००० रुपये आधी घेतले. ते टेप घेऊन आले, मोजमापही केले. आठ दिवसांनी मिळालेल्या कागदावर मात्र ‘बाथरूम’, ‘स्वयंपाकघर’, ‘रंगकाम’ असे पाच शब्द आणि त्यांच्यापुढे पाच मोघम रकमा होत्या. मोजमाप कुठे आहे असे विचारल्यावर ते आमच्या वहीत आहे असे उत्तर आले. पैसे परत मिळाले नाहीत, कारण आमच्याकडे पावती नव्हती आणि पैशांच्या बदल्यात नेमके काय मिळणार हे आम्ही ठरवलेलेच नव्हते.

त्यामुळे माझी कळकळीची विनंती आहे की, पैसे देण्यापूर्वी त्यांनी दुसऱ्या कोणासाठी केलेले एखादे जुने अंदाजपत्रक, मालकाचे नाव झाकून, पाहायला मागावे. त्यात परिमाणे आणि मालाचा प्रकार लिहिलेला असेल, तरच पुढे जावे. पैशांची पावती घ्यावी आणि पहिल्या बिलातून रक्कम वजा होण्याची गोष्ट त्याच पावतीवर लिहून घ्यावी.

प्रश्नकर्ता

ताई, आपला अनुभव वाचून वाईट वाटले आणि सावधही झालो. साहेब, अभियंत्याकडून यादी करून घेतली, तर त्यात दुरुस्तीखेरीज आणखी काय लिहून घ्यावे? घरात आई असल्यामुळे काम मध्येच अडकलेले आम्हाला परवडणार नाही.

उत्तर १ (निवृत्त शाखा अभियंता, जुळे सोलापूर)

पाणी लिहून घ्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो; अशा वेळी नव्या स्लॅबला आणि गिलाव्याला सतत पाणी मारावे लागते. टँकर कोणी आणायचा हे ठरलेले नसेल, तर गुत्तेदार मालकाकडे पाहतो, मालक गुत्तेदाराकडे पाहतो, आणि काँक्रीट कोरडे पडते. शक्य असल्यास उन्हाळ्याच्या आत काम उरकावे. डबर (फोडकामाचा राडारोडा) कुठे आणि कोणाच्या खर्चाने टाकायचे, स्लॅबला टेकू किती दिवस राहतील, अंदाजपत्रकातील दर किती दिवस कायम राहतील, हेही असावे. अशा मालासकट कामावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, म्हणून दर करासह आहेत की कराविना, हे लिहून घ्यावे. ज्याची करासाठी नोंदणीच नाही त्याला तो बिलात लावता येत नाही. उचल एकदम देऊ नये. मोजमाप होईल तसतसे पैसे द्यावेत.

उत्तर ४ (दक्षिण कसबा)

दुरुस्तीसाठी बँकेचे कर्ज काढणार असाल, तर तिथेही बहुधा अभियंत्याच्या किंवा वास्तुविशारदाच्या सहीचे अंदाजपत्रक मागतात, त्यामुळे हा खर्च दोनदा करावा लागणार नाही अशा बेताने सही-शिक्क्यासह कागद घ्यावा.

प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. एका स्थापत्य अभियंत्यांना ६,००० रुपये देऊन यादी करून घेतली आणि फोडण्यासाठी दोन बिगाऱ्यांची दिवसाची मजुरी वेगळी दिली. स्वयंपाकघराच्या स्लॅबला तीन ठिकाणी पोकळ आवाज आला. पुढच्या खोलीचा स्लॅब बाहेरच्या भिंतीलगतचा पट्टा सोडला तर चांगला निघाला, याचे फार समाधान वाटले. माळवदाच्या एका तुळईचे भिंतीतले टोक मात्र वाळवीने पोखरलेले होते. त्याच दिवशी आईला पुढच्या खोलीत, चांगल्या स्लॅबखाली, हलवले.

कोऱ्या दरांची यादी तिघांनाही दिली. पहिल्यांचे ७,४०,००० रुपये आले, तिसऱ्यांचे ६,८५,०००. दुसऱ्या गृहस्थांनी यादी वाचून प्रामाणिकपणे सांगितले की, त्यांच्या सव्वाचार लाखांत माळवद उतरवून नवे छत घालण्याचे काम धरलेलेच नव्हते. काम तिसऱ्यांना द्यायचे ठरत आहे. गड्ड्याची यात्रा (सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा) झाली की सुरुवात होईल आणि तोवर आई बार्शीला बहिणीकडे राहील.

बंधूंनी यादी दोनदा वाचली. मोरीच्या टाइल्स सात फुटांऐवजी सहा फुटांपर्यंत पुरेत असे त्यांचे मत पडले, आणि त्यामुळे साडेएकवीस चौरस फूट कमी होतात, हे त्यांनी स्वतःच यादीच्या मागच्या बाजूला मांडून दाखवले.