अग्निशामक कोर्स: उंची-छाती, मेडिकल, कागदपत्रं आणि आतले नियम

वाटसरू_सांगोला

सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स करायचा आहे. दहावीला ५८ टक्के, वय १९ पूर्ण. उंची घरी भिंतीला टेकून मोजली तर कधी १६५ भरते, कधी अर्धा सेंटिमीटर कमी. छाती न फुगवता ८३, फुगवून ८७. चष्मा नाही.

तीन प्रश्न आहेत. एक, तालुक्याला एक खासगी संस्था एक वर्षाचा 'फायर अँड सेफ्टी' डिप्लोमा देते. वय, उंची काही बघत नाहीत, फी भरली की प्रवेश. त्यावर नगरपालिका-महापालिकेत भरती होता येतं का? दोन, माझी मापं चालतील का? तीन, कोर्समध्ये दाढी, अंगठी, मोबाइल, सुट्टी यावर फार कडक बंधनं असतात म्हणतात. ती कशासाठी?

---

उपस्थानक_६३

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात पैसे जातात. बहुतेक महापालिका आणि नगरपरिषदांच्या फायरमनच्या जाहिरातीत पात्रतेच्या रकान्यात काय असतं ते नीट वाच: दहावी, राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र, मुंबई यांचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम आणि एमएस-सीआयटी. काही ठिकाणी पुढे 'किंवा समतुल्य' असतं आणि खासगी संस्था त्याच दोन शब्दांवर दुकान चालवतात. समतुल्य काय ते संस्था ठरवत नाही, भरती करणारं कार्यालय ठरवतं. खासगी डिप्लोमा हा मुळात कारखान्यातल्या सेफ्टी विभागासाठी आहे: परमिट, ऑडिट, एक्स्टिंग्विशरच्या नोंदी. तिथे त्याचा उपयोग होतो. पण फी भरण्याआधी तुला ज्या शहरात जायचंय तिथली मागची जाहिरात काढ आणि डिप्लोम्याचं नाव तिच्यात शब्दशः सापडतं का बघ. नसेल तर विषय संपला.

राज्याच्या कोर्सच्या गेल्या काही जाहिरातींत दहावीला ५० टक्के (मागास प्रवर्गाला ४५), वय १८ ते २३, उंची १६५ सें.मी., वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ८६ अशा अटी आहेत. वय कोणत्या तारखेला धरायचं ते जाहिरातीतच दिलेलं असतं. अर्जाच्या दिवसाचं वय धरून बसू नकोस, तिथे चार दिवसांनी बाद होणारी मुलं दर बॅचला असतात.

पदवी हातात असेल तर उपस्थानक व अग्निप्रतिबंधक अधिकारी हा एक वर्षाचा कोर्स वेगळा आहे, वय २५ पर्यंत. त्यात मुलींसाठी उंची १५७ आणि वजन ४६ किलो. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा सब-ऑफिसर कोर्सही याच पातळीचा, त्याला देशभरातून प्रवेश परीक्षा होते.

मुंबई अग्निशमन दलाचं गणित निराळं. २०२३ च्या तिथल्या भरतीत बारावी आणि मुलांना १७२ सें.मी. उंची मागितली होती. निवड झाल्यावर प्रशिक्षण ते स्वतः देतात. १६५ वर मुंबईचं स्वप्न बघू नकोस, बाकीचा महाराष्ट्र मोठा आहे.

---

मैदानी_मोजमाप

मापांबद्दल. यात पळणं कच्चं म्हणून जाणारे कमी, टेपवर जाणारे जास्त.

उंची: माणूस सकाळी उठल्यावर जास्त भरतो आणि दिवसभर उभं राहून, ओझं उचलून संध्याकाळपर्यंत साधारण एक सेंटिमीटरने बसतो. मणक्यांमधल्या चकत्या दाबल्या जातात, बाकी काही नाही. तुझं 'कधी १६५, कधी अर्धा कमी' हे त्यातलंच. म्हणून घरी माप संध्याकाळीच घे. अनवाणी, टाचा जुळवून, टाचा-कुल्हे-पाठ भिंतीला, नजर समोर. हनुवटी वर केलीस तर डोकं मागे जातं आणि उंची वाढायच्या ऐवजी कमी होते, हे बऱ्याच जणांना कळत नाही. डोक्यावर पट्टी आडवी धरणारा दुसरा माणूस हवा, स्वतः पेन्सिलने खूण केली की चूक ठरलेली. प्रत्यक्ष मोजणीच्या आदल्या रात्री पूर्ण झोप, आणि त्या सकाळी रांगेत तीन-चार तास सॅक पाठीवर घेऊन उभं राहायचं नाही, खाली ठेवायची. संध्याकाळी १६४.५ येत असेल तर सकाळच्या मोजणीत निभावेल, पण दुपारी नंबर लागला तर धोका आहे.

छाती: ८३ आणि ८७ म्हणजे फुगवट फक्त ४. अट पाचची आहे, त्यामुळे ८७ आकडा ८६ पेक्षा मोठा असला तरी तू बसत नाहीस. पण माझा अंदाज, तुझं ८३ हेच चुकीचं आहे. मोजणारा टेप लावतो तेव्हा मुलं नकळत अर्धा श्वास आत धरून उभी राहतात. पहिला आकडा फुगतो आणि फरक कमी होतो. हात वर करून टेप घालून घ्यायचा, मग हात खाली सोडायचे. टेप पुढे स्तनाग्रांच्या रेषेत, मागे खांद्याच्या फऱ्यांच्या खालच्या टोकाला लागून, सगळीकडून सपाट. आता तोंडाने हवा पूर्ण सोडून सैल उभं राहा, तो पहिला आकडा. मग नाकाने सावकाश भरून घे, खांदे उचलायचे नाहीत, बरगड्या बाजूला उघडायच्या. खांदे उचलले की टेप वर सरकतो आणि मोजणारा पुन्हा मोजतो. पहिला आकडा ८१ च्या खाली उतरणार नाही एवढं मात्र बघ.

नुसती बेंच प्रेस मारून आकडा वाढतो, फुगवट वाढत नाही. रोज पळ, सूर्यनमस्कार घाल, जमलं तर पोहायला जा. दोन महिने हातात असतील तर एखादा सेंटिमीटर मिळू शकतो.

डोळे: चष्म्याशिवाय ६/६, दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून. चष्मा नाही म्हणजे ६/६ आहे असं नव्हे. एक डोळा कच्चा असला तर दुसरा सांभाळून घेतो आणि वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. रंगांधळेपणाही आत्ताच तपासून घे, इशिहाराची ठिपक्यांची पानं कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे असतात. धुरात सिलिंडरवरचं नाव वाचता येत नाही, रंग दिसतो: ऑक्सिजन काळा, अ‍ॅसिटिलीन मरून, क्लोरीन पिवळा. काळा आणि मरून यात ज्याची गफलत होते त्याला गॅरेजच्या आगीत पाठवता येत नाही.

याशिवाय डॉक्टर सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणं, हर्निया, हायड्रोसील, व्हेरिकोज व्हेन्स बघतात. हायड्रोसील किंवा हर्निया असेल तर ऑपरेशन लपवाछपवी न करता आधीच उरकून घ्यावं. प्रशिक्षणात ५० किलोचा माणूस खांद्यावर घेऊन शिडी उतरायची असते, तिथे लपलेलं सगळं बाहेर येतं.

---

दाखलेवाला

कागदांचं थोडक्यात. दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार या तिघांवर नाव एकच हवं. वडिलांचं नाव एकात पूर्ण आणि दुसऱ्यात नुसतं आद्याक्षर असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. अधिवासाचा दाखला सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून वेळेत काढा, जाहिरात आल्यावर रांग लागते. आरक्षणातून अर्ज असेल तर जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा. मागच्या आर्थिक वर्षात संपलेलं प्रमाणपत्र घेऊन येणारे फार. चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून होते, तिलाही दिवस लागतात. पालकांचं हमीपत्र केंद्र देईल त्याच नमुन्यात, स्वतःचा मजकूर घालायचा नाही.

---

बीए_सेट

तिसरा प्रश्न राहिलाच. नियम लष्करी थाटाचे वाटतात, पण जवळजवळ प्रत्येकामागे एखादं यंत्र किंवा एखादी जखम आहे.

दाढी. श्वसनयंत्राचा (सगळे बीए सेटच म्हणतात) मुखवटा चेहऱ्याला रबराच्या कडेने चिकटतो. कड आणि कातडी यांच्यात दोन दिवसांची खुंटं आली की ती कड पूर्ण टेकत नाही. सेट पॉझिटिव्ह प्रेशरचा असतो, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त. त्यामुळे फटीतून धूर लगेच आत येत नाही, हवा बाहेर जाते, आणि मुलांना वाटतं काही बिघडलं नाही. बिघडतं ते सिलिंडरमध्ये: पाऊण तासाची हवा अर्ध्या तासात संपते. त्यातून जोर लावून जिना चढताना मोठा श्वास ओढला की आतला दाब क्षणभर पडतो आणि तेव्हा धूर येतो. म्हणून रोज सकाळी फॉल-इनच्या (रांगेत उभं राहून होणाऱ्या हजेरीच्या) आधी दाढी. आठवड्यातून दोनदा नाही, रोज. मिशी कडेच्या आत बसत असेल तर चालते.

अंगठी, कडं, गळ्यातली चेन. सरकत्या शिडीचा वरचा भाग खाली येतो तेव्हा बोट पायरीत आणि अंगठी कडेला अडकली तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. लग्नाची असली तरी काढायची.

आतले कपडे सुती. नायलॉन, पॉलिस्टर जळत नाही असं वाटतं, ते वितळून कातडीला चिकटतं. डांगरीच्या (अंगभर एकसंध जाड पोशाखाच्या) आत स्पोर्ट्स टी-शर्ट घालून ड्रिलला आलं की परत पाठवतात ते यासाठी.

मोबाइल ड्रिलच्या मैदानावर नाही. ड्रिलमध्ये प्रत्येकाला नंबर असतो आणि हुकूम नंबरावर येतात. १०.५ मीटरची शिडी चार जण उचलतात. त्यातल्या एकाचं लक्ष खिशात गेलं तर उरलेल्या तिघांच्या डोक्यावर शिडी येते. 'स्टिल' हा शब्द कोणीही ओरडला तरी जो जिथे आहे तिथे थिजला पाहिजे, शिडी अर्धी उभी असली तरी. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त बोलणी याच शब्दावर बसतात.

गुटखा-तंबाखू बंद, हे सांगायची गरज पडू नये. पण तोंडात असताना मुखवटा चढवणारे निघतात आणि मग तो मुखवटा पुढच्या माणसाला द्यावा लागतो.

---

वाटसरू_सांगोला

छाती पुन्हा मोजली, हवा सोडून. ८१.५ आणि ८७. संध्याकाळची उंची १६४.८. हे हवेचं गणित लेखी परीक्षेत असतं का?

---

बीए_सेट

लेखीत असतं आणि तोंडी परीक्षेतही विचारतात. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला (बार म्हणजे दाबाचं एकक) भरला की ६ गुणिले ३०० म्हणजे १८०० लिटर हवा. कामात असलेला माणूस मिनिटाला ४० लिटर धरायचा. १८०० भागिले ४० म्हणजे ४५ मिनिटं. त्यातली १० मिनिटं बाहेर पडायला राखीव, म्हणून कामाचा वेळ ३५. गेज २०० दाखवत असेल तर १२०० लिटर, ३० मिनिटं, कामाला २०. राखीव १० वजा न करणं ही नेहमीची चूक, आणि त्याला अर्धे गुण मिळत नाहीत, पूर्ण जातात.

प्रात्यक्षिकात सेट चढवण्याआधीची तपासणी बघतात: व्हॉल्व्ह उघडून गेज वाच, व्हॉल्व्ह बंद कर, एक मिनिट काट्याकडे बघ. १० बारपेक्षा जास्त उतरला तर गळती, सेट बाजूला. मग हळूहळू हवा सोडत, हवा संपत आल्याचा इशारा देणारी शिट्टी वाजते का बघायची, ५५ बारच्या आसपास वाजली पाहिजे. घाईत मुलं शिट्टी वगळतात, कारण पाठीवर सेट असताना ती ऐकून घ्यायला मिनिटभर थांबावं लागतं.

---

उपस्थानक_६३

बीए_सेट यांच्या यादीत एक भर. पाइपाचं वजन. ६३ मि.मी. व्यासाचा १५ मीटरचा एक होज रिकामा असताना बगलेत मारून पळता येतो. पाण्याने भरला की आत सुमारे ४७ लिटर, म्हणजे ४७ किलो. दोन लांबी जोडल्या की ९४. भरलेला होज एकट्याने ओढायला जाणाऱ्याची कंबर धरते आणि तिथून आजारी रजा सुरू होते. नियम असा की आधी रिकामा अंथरायचा, वळणं मोठी ठेवायची, मग पाणी मागायचं. कपलिंग (दोन होज जोडायचं टोक) जमिनीवर आपटायचं नाही, कड दबली की पुढच्या वेळी बसत नाही आणि दोष पंपवाल्याला लागतो.

रजेबद्दल: दुखलं तर सकाळी फॉल-इनच्या आधी आजारी म्हणून नोंद करायची. ड्रिल सुरू झाल्यावर सांगितलं की ती दांडी धरतात. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि सहा महिन्यांच्या कोर्सला ती भरून काढायला जागाच नसते. बहिणीचं लग्न, गावची जत्रा हे अर्ज करण्याआधी कॅलेंडरवर बघून घे.

---

मैदानी_मोजमाप

८१.५ ला ८७, फरक साडेपाच. छाती झाली. १६४.८ संध्याकाळची असेल तर सकाळी सात वाजता पुन्हा मोज, आणि टेप कापडी असेल तर टाक, तो ताणलेला असतो. स्टीलची पट्टी घे.