शाळेच्या खिचडीत आपल्या शिवारातली तूर का नको?

गोदाकाठ (परभणी जिल्हा)

परवा शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. मधल्या सुट्टीत लेकरांच्या पंगतीला बसलो. पिवळी खिचडी, त्यात मसूर डाळ, हळद, तिखट, मीठ. माझ्या ताटात बटाट्याच्या दोन फोडी आल्या, शेजारी बसलेल्या तिसरीतल्या पोरीच्या ताटात एकही नाही. तिनं चार घास खाल्ले आणि ताट घेऊन नळावर गेली. शाळेच्या कुंपणाला लागून तुरीचं रान आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला मेथी-पालकाचे वाफे. ही तूर लातूरच्या डाळमिलला जाते आणि आपल्या लेकरांना मसूर येते गाडीतून, महिन्या-दोन महिन्यांची एकदम.

नियम काही वाईट नाहीत. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५. आमच्या शाळेत पाचवीपर्यंत शंभर लेकरं. म्हणजे रोजची २ किलो डाळ, ५ किलो भाजी. वर्षाचे शाळेचे २०० दिवस धरले तर ४ क्विंटल डाळ, म्हणजे साधारण ६ क्विंटल तूर. एवढी तर एकाच शेतकऱ्याच्या दीड-दोन एकरांत निघते.

माझं म्हणणं एवढंच: तांदूळ सरकारचा येऊ द्या, पण डाळ आणि भाजी गावातून घ्या, बचत गटामार्फत, आणि आठवड्यातून एक दिवस ज्वारी द्या. मराठवाड्यातल्या लेकराला शाळेत ज्वारी मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जि.प. मुख्याध्यापक

आपली तळमळ पटते, पण हिशोब पूर्ण मांडा. मे २०२५ पासून पहिली ते पाचवीचा दर आहे एका लेकरामागे रोज ६ रुपये ७८ पैसे. त्यात डाळ, तेल, मसाला, भाजी, जळण सगळं आलं. गावात डाळ घ्यायची तर भाव कोण ठरवणार? पावती कोण देणार? आमची शाळा दोन शिक्षकी आहे. रोजची ऑनलाइन नोंद, चव नोंदवही, साठा नोंदवही हे आधीच आमच्याकडं. आता सकाळी वर्गावर जायचं सोडून मेथीच्या जुड्या मोजायच्या का? शिवाय गावात खरेदी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुणाच्या रानातली घेतली. मी तीन गावांत नोकरी केली आहे. खिचडीवरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

माजलगावकर

सरांशी सहमत, आणि माझा मुद्दा वेगळाच आहे. भाजी फेब्रुवारीपर्यंत मिळेल. पुढं काय? २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, वाफे कुठले आणि पालक कुठला! आमच्या भागातले निम्मे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जातात. लेकरू आजीपाशी राहतं आणि दुपारचं शाळेतलं जेवण हेच त्याचं दिवसातलं भरवशाचं जेवण असतं. गावातल्या बाईची मेथी वाळून गेली म्हणून त्या दिवशी नुसता भात, हे मला चालणार नाही. ठेकेदाराची गाडी निदान दुष्काळातही येते.

गोदाकाठ

माजलगावकर, तुमचा मुद्दा बरोबर आहे, मी तो विचारात घेतला नव्हता. आजीपाशी राहणाऱ्या लेकराचं ताट रिकामं राहता कामा नये. पण आपल्या आया-आज्यांनी दुष्काळ काढलाच ना? मेथी वाळवून ठेवायच्या, गवार वाळवायची, सांडगे घालायचे. हिवाळ्यात भाजी मातीमोल होते तेव्हा बचत गटानं वाळवावी, उन्हाळ्यात ती आमटीत पडेल. मटकी तर कोरडवाहूच, मोड आणले की झालं. आणि तूर ही काय रोज तोडायची भाजी आहे? जानेवारीत आली की वर्षभर ठेवता येते.

सर, पावतीचा त्रास खरा आहे. तो शिक्षकांवर नकोच. समितीनं वर्षातून एकदा भाव ठरवावा, गटानं एकच बिल द्यावं.

जि.प. मुख्याध्यापक

समितीनं. समितीत कोण असतं हे आपल्याला माहीत आहे. आणि एक सांगतो, २०१३ ला बिहारमध्ये शाळेतल्या जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ लेकरं गेली. त्या दिवसापासून पहिला घास घेताना माझा हात थांबतो. गावातल्या भाजीवर काल फवारणी झाली का, हे मला कोण सांगणार?

गोदाकाठ

वाफा कुणाचा आहे हे माहीत असलं तर निदान विचारता तरी येतं. गाडीतून आलेल्या मालाचं काय विचारणार?

चुलीपाशी

मी एका शाळेत आठ वर्षं स्वयंपाक करते. सगळे भाजी आणि डाळीचं बोलतात, शिजवणारीचं कुणी बोलत नाही. २०२३ ला मानधन १,५०० वरून २,५०० झालं, महिन्याचं. तेही वेळेवर येत नाही. शंभर लेकरांना आम्ही दोघी. ताजी भाजी म्हणजे ५ किलो मेथी निवडायची, धुवायची, चिरायची. मेथी निवडायलाच तास जातो. ताजं द्यावं असं मलाही वाटतं, माझी नात त्याच शाळेत आहे. पण आधी तिसरी बाई द्या.

आणि दादा, ज्वारी म्हणजे भाकरी हे डोक्यातून काढा. शंभर लेकरांच्या भाकरी कोण थापणार? पीठ फार दिवस साठवलं तर कडू पडतं.

गोदाकाठ

ताई, मनापासून पटलं. तिसऱ्या बाईचा ठराव पुढच्या बैठकीत मी स्वतः मांडतो. भाकरी सोडा, कण्या जमतील का?

माजलगावकर

परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण आहे ना, २०१८ चं? त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. ती ज्वारी गावात पेरत असतील तर कण्यांना माझा विरोध नाही. पण भाजीला अजूनही आहे.

चुलीपाशी

कण्या जमतात. गिरणीवाल्याला जाड भरडायला सांगायचं, पीठ चाळून काढायचं, कण्या रात्री भिजत घालायच्या. सकाळी तांदळाच्या आधी चढवल्या की मऊ शिजतात. लसणाची फोडणी, वरून शेंगदाण्याचं कूट. पण फिकं ठेवायचं, पहिलीची लेकरं तिखट खात नाहीत. पहिल्यांदा सगळ्यांना नको. रविवारी ५ किलो ज्वारी भरडून आणून द्या, सोमवारी निम्म्या लेकरांना कण्या आणि निम्म्यांना खिचडी करते. उरेल ते ताटांत मोजू.

जि.प. मुख्याध्यापक

त्या दिवशी चव घ्यायला मलाही बोलवा. फोटो नको, ताटात काय उरलं तेवढं लिहा.

गोदाकाठ

घरच्या कणगीतली ज्वारी शनिवारी निवडून गिरणीत टाकतो. सोमवारी इथंच लिहितो.