मदत हवी आहे: दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला गेलो आणि दारातून परत आलो

नमस्कार मंडळी,

आयडी नवीन काढलाय, कारण उघड आहे.

शेवटचा पेग घेतला त्याला आज १९ दिवस झाले. याआधी तीनदा सोडली होती, त्यातली सगळ्यात लांबची मजल ४० दिवसांची. एकट्याच्याने होत नाही हे आता मान्य केलंय. म्हणून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची मीटिंग शोधली. त्यांच्या संकेतस्थळावर वार, वेळ, पत्ता सगळं मिळालं. दहा मिनिटं आधी पोचलोही. दुसऱ्या मजल्यावरची खोली, दार अर्धं लोटलेलं आणि आतून हसण्याचा आवाज. चांगला खदाखदा. मला वाटलं पत्ता चुकला. दारू सोडलेली माणसं कशाला हसतील? (मी १९ दिवसांत एकदाही हसलेलो नाही, असं बायको म्हणते.) जिन्याच्या वळणावर फोन कानाला लावून बोलत असल्याचं नाटक केलं आणि पाच मिनिटांनी उतरून आलो.

आता परत जायचं म्हणतोय, पण डोक्यात बरंच काही आहे. यादीत काही मीटिंग 'खुल्या' आणि काही 'बंद' लिहिल्यात, त्यातल्या कुठे जाऊ? बोलावंच लागतं का? ओळखीचं कुणी भेटलं तर? आणि देवाबिवाचं माझं फारसं जमत नाही, तिथे बारा पायऱ्यांमध्ये (म्हणजे दारू सोडण्याचे त्यांचे बारा टप्पे) तो बराच येतो म्हणे. अनुभव असलेल्यांनीच सांगा. 'मनावर घ्या, होईल सगळं' हे ऐकून झालंय.

आडवाट:
सहा वर्षं झाली मला. पहिल्या वेळी मी तर गाडीतूनच उतरलो नव्हतो, तुम्ही दोन मजले चढलात.

'बंद' म्हणजे दाराला कुलूप नव्हे. ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी बंद, आणि घरचे, विद्यार्थी, नुसते बघायला येणारे अशा कुणालाही चालते ती खुली. तुम्ही दोन्हीकडे जाऊ शकता. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट आहे. फी नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नवख्याने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. बाहेरच्यांच्या देणग्या ते घेतच नाहीत.

बोलायची सक्ती नाही. 'आज फक्त ऐकतो' म्हणा, पुढचा माणूस सुरू करतो. ओळखीचं कुणी भेटलंच तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो, हे लक्षात यायला मला महिना लागला.

एक आगाऊ सल्ला: एका मीटिंगवरून ठरवू नका. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. माझा पहिला गट मला अजिबात मानवला नव्हता.

निवांत:
देवाबद्दल. मी पक्का नास्तिक. पायऱ्यांमध्ये देव आहे हे खरंय, पण 'आम्हाला जसा उमगला तसा' अशी पुस्ती तिथेच जोडलेली आहे. मी त्या जागी खोलीतली माणसं धरतो. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले त्यातून हे सगळं उभं राहिलं. मला त्यातलं बोलणं पटलं, बाकीचं मी बाजूला ठेवतो. तरीही नकोच वाटलं तर स्मार्ट रिकव्हरी बघा. तिथे विचार आणि सवयी बदलण्यावर भर असतो, देव नाही. ऑनलाइन मीटिंगही आहेत.

तिसरी_खुर्ची:
मी पिणारी नाही, पिणाऱ्याची बायको. तुमच्या घरी सांगा, अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात, फक्त घरच्यांसाठी. ह्यांनी सोडायच्या आधी दोन वर्षं मी जात होते. नवऱ्याला कसं सुधारायचं ते शिकवतील म्हणून गेले होते, ते काही शिकवलं नाही. बाटल्या मोजणं तेवढं थांबलं.

कडू_काढा:
धागाकर्त्याचे १९ दिवस झालेत म्हणून त्यांच्यासाठी नाही, पण हा धागा वाचून कुणी आज रात्रीपासून बंद करणार असेल तर थांबा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, बरळणं, ताप असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. सकाळी हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. मीटिंगमध्ये औषधोपचार मिळत नाहीत.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. आज २३वा दिवस.

काल गेलो, त्याच जागी. या वेळी फोन खिशातच ठेवला. दाराजवळच्या माणसाने 'नवीन का?' एवढंच विचारून खुर्ची सरकवली. आडनाव विचारलं नाही. मी ऐकतो म्हणालो, मग शेवटी स्वतःहूनच चार वाक्यं बोललो. आवाज फुटत नव्हता. निघताना दोघांनी नंबर दिले आणि पहिला पेग घ्यायच्या आधी फोन कर, नंतर नको, असं बजावलं.

आणि हो, ते कशावर हसतात ते कळलं. मीही हसलो. पण सांगता येणार नाही, तिथलं तिथेच ठेवायचं असतं.