सगळा माल वर बनवायचाच नाहीये

अंतराळात औषध बनवून खाली आणणं परवडणार कसं, हा प्रश्न रास्त आहे. पण तिथे मुख्यतः शिकायचं असतं. २०१७ मध्ये मर्क या औषध कंपनीने कीट्रुडा हे कॅन्सरवरचं औषध, त्याचे स्फटिक कसे बनतात ते पाहायला, अंतराळ स्थानकावर पाठवलं. जमिनीवर स्फटिक तळाशी बसतात, त्यामुळे लहानमोठे होतात: काही १३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), काही १०२चे. वर मात्र सगळे ३९च्या आसपास. असं एकसारखं मिश्रण पातळ राहतं, बारीक सुईतून जातं, म्हणजे सलाईनऐवजी साध्या इंजेक्शनने देता येऊ शकतं. मग तेच द्रावण गाळ बसू न देता फिरवत ठेवायचं तंत्र जमिनीवर वापरलं गेलं.

माझी मावशी दर तीन आठवड्यांनी सलाईनला बसायची. शीर सापडेपर्यंत तीनतीनदा टोचायचे, मनगट काळंनिळं व्हायचं. तिला पोटावर एकच इंजेक्शन पुरलं असतं, तर माझ्या लेखी हा खर्च वसूल होता.