क्षार म्हणायचं तरी नेमकं कशाला?

प्रश्न: ‘आम्ल + आम्लारी = क्षार + पाणी’ एवढं पाठ आहे. पण अमोनियम क्लोराइडमध्ये धातू नाही, तरी तो क्षार. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये धातू आहे, आयनिक बंध आहे, तरी तो क्षार नाही. आणि सोडियम ॲसिटेट लाल लिटमस निळा करतो. क्षार उदासीन असतो ना? नुसत्या सूत्रावरून ओळखायचं कसं?

उत्तर १: धातू शोधू नका, आयन (विद्युतभारित कण) शोधा. सूत्राचे धन आयन आणि ऋण आयन असे दोन भाग पाडा. धन आयन हायड्रोजनचा नाही आणि ऋण आयन हायड्रॉक्साइड किंवा ऑक्साइड नाही, तर तो क्षार. अमोनियम हा धन आयनच आहे, म्हणून चालतो. सोडियम हायड्रॉक्साइड ऋण आयनापाशी अडतो, कॅल्शियम ऑक्साइडही तिथेच. साखरेत आयनच नाहीत.

तुम्ही पाठ केलंय ते क्षार तयार करण्याच्या एका पद्धतीचं समीकरण आहे, व्याख्या नव्हे. जस्त आणि विरल सल्फ्युरिक आम्लापासून झिंक सल्फेट होतं, पाणी तयारच होत नाही. विद्राव्यताही कसोटी नाही: सिल्व्हर क्लोराइड पाण्यात जवळपास विरघळत नाही, तरी क्षारच.

उत्तर २: उदासीनतेबद्दल: ॲसिटेट आयन पाण्यातून हायड्रोजन आयन ओढून घेतो, मागे हायड्रॉक्साइड उरतो. ०.१ मोलार (लिटरमागे ०.१ मोल) द्रावणाचा सामू (pH; ७ म्हणजे उदासीन) साधारण ८.९ येतो. अमोनियम क्लोराइडचं उलटं, तेवढ्याच संहतीला साधारण ५.१. अनुमापन (आम्ल संपायला किती आम्लारी लागते ते मोजणं) बिघडतं ते इथेच. ॲसिटिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड सोडताना मिथिल ऑरेंज हा रंग बदलणारा दर्शक वापरला, तर तो सामू ३.१ ते ४.४ दरम्यानच रंग बदलतो, म्हणजे आम्ल पूर्ण संपण्याच्या खूप आधी. त्याऐवजी फिनॉल्फ्थॅलिन हा दर्शक घ्या.

प्रश्नकर्ता: मग सोडियम बायसल्फेटमध्ये तर हायड्रोजन आहे?

उत्तर १: तो ऋण आयनाच्या आत आहे, धन आयन सोडियमच. २५ मिली ०.१ मोलार सल्फ्युरिक आम्लात तेवढ्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साइड २५ मिली घातलं तर बायसल्फेट, ५० मिली घातलं तर सोडियम सल्फेट. पहिला आम्लधर्मी क्षार, दुसरा सामान्य क्षार.

उत्तर ३: हिंदी पुस्तकं वाचत असाल तर जपून. तिथे ‘क्षार’ म्हणजे आपली आम्लारी, आणि आपल्या क्षाराला ‘लवण’ म्हणतात. बराचसा गोंधळ तिथूनच येतो.